गोदू घाण्याला आली

आक्काचं सकाळपासून एकच म्हणणं होतं, ते स्पीकर आधी बंद करा. हळद संध्याकाळी होती, हळद कुटायचा घाणा सकाळी, आणि स्पीकरवाल्यानं मांडवात खोक्यांवर खोके रचून उजाडायच्या आतच गाणी सुरू केली होती. जांभूळ गावात हल्ली ज्याच्या घरी हळद त्याच्या शेजाऱ्यांच्या खिडक्या हलल्या पाहिजेत, नाहीतर लग्न झालं असं कोणी धरतच नाही.

"बोललेलं ऐकू येत नाय माणसाला," आक्का ओरडून म्हणाली. "इथं कोणी मेलं तरी कळायचं नाय."

"आक्का, आजच्या दिवशी तरी शुभ बोला," नवरीची आई सुनंदा म्हणाली.

आक्का म्हणजे कैलास आणि रघूची थोरली बहीण. सासरी तिचं ऐकणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून भावांकडे कार्य निघालं की ती पिशवी घेऊन आधीच हजर व्हायची आणि परत जाईपर्यंत घर तिच्या हुकमावर चालायचं. या खेपेला तर कैलासची तेजस्वी पालेगावला द्यायची होती. आक्काच्या अंगात दहा माणसांचं बळ आलं होतं. हळकुंडं तिनं निवडली, उखळ तिनं घासून घेतलं, मुसळांना आंब्याची पानं तिनं बांधली. घाण्याच्या पाच सुवासिनीही तिनंच ठरवल्या आणि पहिलं मुसळ चुलतभावाच्या सुनेच्या, किर्तीच्या हाती द्यायचं, असं कोणाला न विचारता जाहीर करून टाकलं.

किर्ती बिचारी कपाटातली पैठणी नेसून तयार बसली होती आणि अवघडली होती. कारण या घरात पहिलं मुसळ नवरीच्या चुलतीचं असतं, हे तिलाही ठाऊक होतं. तेजस्वीची चुलती म्हणजे रघूची बायको गोदू. तिला घर सोडून दीड वर्ष झालं होतं आणि तिचं नाव घरात मोठ्यानं घ्यायची कोणाची छाती नव्हती.

सुनंदाच्या पोटात मात्र एक गोष्ट दडलेली होती. महिन्यापूर्वी घागरा घ्यायला मायलेकी उल्हासनगरला गेल्या, तेव्हा वाकडी वाट करून जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत शिरल्या होत्या. तिथं गोदू शिवलेल्या जीन्सचे धागे कापत बसली होती. सुनंदानं तिच्या हातात पत्रिका ठेवली आणि म्हणाली, "मुसळ तुझं हाय. यायचंस." गोदू म्हणाली, "येते, ताई."

घरी येऊन सुनंदानं हे फक्त कैलासच्या कानावर घातलं. कैलासची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. त्याला भावजय यायला हवी होती, पण बहिणीशी भांडायचं नव्हतं आणि भावाला सांगायचं धैर्यही नव्हतं. तेव्हा त्यानं आयुष्यभर केलं तेच केलं. मूग गिळले आणि मांडववाल्याशी हुज्जत घालत बसला.

रिक्षा दारात थांबली तेव्हा बायका उखळाभोवती पाट मांडत होत्या. आधी उतरली ती ठसठशीत पंजाबी ड्रेसातली एक गोरी, जाडसर बाई. तिनं आत हात घालून गोदूला जवळजवळ ओढूनच बाहेर काढलं.

"मी पायल," ती बाई कोणी न विचारता मांडवाला उद्देशून म्हणाली. "गोदू माझ्या कारखान्यात काम करते. रिक्षात तीन वेळा बोलली, वापस चलते हैं. मी बोलली, नाय. शादी का घर है, वापस नाय जायचं."

गोदूनं हिरवी साडी नेसली होती. अंगानं जरा भरली होती. दीड वर्षापूर्वी घरातून गेली तेव्हा ब्लाउज खांद्यावरून घसरायचा. आता तिच्या चेहऱ्यावर तरतरी होती आणि ती समोरच्या माणसाकडे नीट बघत होती. पण हे पाहायला कोणाला सवड नव्हती. सगळ्यांच्या नजरा एकाच जागी जाऊन चिकटल्या, तिच्या कपाळावर. तिथं कुंकू नव्हतं.

तेजस्वी धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली. "काकी, आलीस! मला वाटलं तू लास्ट मिनिटाला टांग देणार."

आक्कानं हातातलं सूप खाली ठेवलं.

"आलीस, बरं केलंस," ती म्हणाली. "पाव्हणी म्हणून ये. बस, जेव. पण उखळाजवळ नको."

"आक्का, मी बोलावलंय तिला," सुनंदा पुढं झाली. "पहिलं मुसळ तिचं हाय."

"कपाळ बघितलंस तिचं? नवरा धडधाकट नि हिनं कुंकू पुसलं! त्या येशूवाल्यांनी पुसायला लावलं नि हिनं पुसलं. असल्या कपाळानं पोरीची हळद कुटायची?"

"आक्का म्हणते ते अगदीच..." कैलासनं तोंड उघडलं. "म्हणजे लोक बोलतात, आपल्याला..."

"तुमी गप बसा," सुनंदा म्हणाली. "इतकी वर्षं बसलात ना? आजच कशी वाचा फुटली?"

कैलासनं लगेच तोंड मिटलं. भांडणात त्याची ही एक गोष्ट चांगली होती.

"मग मला हळदच नको," तेजस्वी म्हणाली. "पार्लरवाली येतेय, तिच्याकडून मेकअप करते आणि डायरेक्ट लग्नाला उभी राहते. आत्या, काकीनं मुसळ नाही उचललं तर मी पाटावर बसणारच नाही. बोल आता."

पोरगी हट्टी होती, आणि आक्कावरच गेली होती. आक्काला ते कळत होतं म्हणून जास्तच राग आला. ती स्पीकरवाल्याकडे वळून किंचाळली, "बंद कर रं ते! आज बोललेलं ऐकू येऊ दे सगळ्यांना!"

गाणं मध्येच तुटलं. सकाळपासून पहिल्यांदा घरात शांतता झाली, इतकी की मागच्या बाजूला टाकी भरून पाणी सांडतंय तेही ऐकू आलं.

मागच्या दारात रघू उभा होता. पाणीपुरवठ्याच्या पंपावरची रात्रपाळी करून तो नुकताच आला होता आणि हातपाय धुऊन आत येणार, तेवढ्यात त्याला गोदूचं नाव ऐकू आलं. त्याचा पाय पुढंही पडेना आणि मागंही. कुंकवाची गोष्ट गावात त्यानंच आणली होती. गोदू बहिणीकडे गेली, तिथून परत येईना, म्हणून तो एकदा उल्हासनगरला तिला आणायला गेला होता. कारखान्याच्या वरच्या खोलीत टाळ्या वाजवत गाणी चालली होती. त्यानं जिन्यावरून डोकावलं तर गोदू बायकांमध्ये बसली होती, कपाळ मोकळं, आणि हसत होती. तो तसाच उतरून घरी आला. आक्काला म्हणाला, "मी जिता असताना तिनं कुंकू पुसलं." हसण्याचं मात्र त्यानं कोणालाच सांगितलं नाही. ते त्याला जास्त लागलं होतं.

"सांग की," मांडवात आक्का म्हणत होती. "गप का? दे जबाब."

"आक्का," गोदू म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "हे कपाळ तिकडं नाय मोकळं झालं. समीरच्या दहाव्यालाच झालं. मी आरशात बघायचं सोडलं त्या दिवसापास्नं. पाच-सहा महिने मी इथंच होती, ह्याच घरात, भिंतीकडं तोंड करून. तुमच्यातल्या कोणाच्या ध्यानात आलं नाय."

सुनंदानं आठवून पाहिलं आणि तिला शरम वाटली. ती दोन्ही वेळा ताट नेऊन ठेवत होती, उचलून आणत होती. ताटात किती उरलं ते बघत होती. कपाळ तिनं पाहिलं नव्हतं.

"आमी नाय सांगितलं कुंकू काढ म्हणून," पायल म्हणाली. "प्रभू की कसम. आली तेव्हाच असं होतं. मला वाटलं बेचारी विधवा आहे."

एरवी या वाक्यावर आक्कानं तिला दाराबाहेर काढलं असतं. पण दहाव्याचं नाव निघालं होतं.

गोदू-रघूचा समीर एकोणीस वर्षांचा होता. डेंग्यूच्या तापानं बघता बघता गेला. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. यायचा, उड्या मारायचा, मान वाकडी करून बघायचा आणि उडून जायचा. माणसांनी हात जोडून पोराला वचनं दिली, तुझ्या आईबापाला सांभाळू, तुझ्या नावानं अमुक करू, तमुक करू. ऊन डोक्यावर आलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला आणि सगळे मान खाली घालून घरी आले. तेव्हा आक्का गोदूच्या उशाशी बसून म्हणाली होती, "तुझं रडणं थांबत नाय म्हणून पोराचा पाय निघत नाय. त्याला अडकवू नको, गोदे. रडू नको." आणि गोदू त्या क्षणी थांबली. रडणं थांबलं, त्याबरोबर बोलणं थांबलं, चूल थांबली, झोपही थांबली. डॉक्टर झाले, भगत झाले. ती काही हलली नाही.

"तिकडं का गेलीस, मग?" आक्कानं विचारलं. मघाचा दरारा आवाजात नव्हता. "आपले देव काय मेले होते?"

"देवांना मी काय बोलत नाय, आक्का. मला रडायला जागा नव्हती." गोदूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पायलनं एका रविवारी वर नेलं. मी नुसती बसली. तिचा नवरा पुस्तक वाचीत होता. येशूचा एक दोस्त मेला होता, त्याची गोष्ट. येशू त्याला उठवायलाच आला होता, ते त्याला ठावं होतं. तरी थडग्यापाशी उभा राहिला नि आधी रडला. मी म्हटलं, परत वाचा. त्यांनी परत वाचलं. मी म्हटलं, देव हाय ना हा? मंग त्याच्या रडण्यानं नाय तो मेलेला अडकला? तर ते बोलले, नाय बाई, अडकला नाय, बाहेर आला."

पायलनं तिचा हात धरला.

"मंग मी रडली," गोदू म्हणाली. "तिथंच, लोकांत. कोणी गप कर म्हणालं नाय. दुसऱ्या रविवारी परत रडली. असं पुष्कळ दिवस चाललं. नि एका सकाळी उठली तर भूक लागली होती. चहात बुडवून पाव खाल्ला नि मला वाटलं, समीर त्या येशूपाशी हाय, तो सांभाळतोय त्याला, नि मलाबी. त्याच्यावर टाकलं मी सगळं. आता त्याचीच झाली मी, लपवणार नाय. उखळाची पूजा तुमी करा, मी नमस्कार नाय करणार. पण हळद ही हळदच हाय, आक्का. पोरीसाठी ती मी मनापासून कुटीन."

आक्का पाटावर बसली. ती सव्वीस वर्षांची असताना तिचा नवरा विहिरीवर साप चावून मेला होता. तेव्हा सासूनं तिला हेच सांगितलं होतं, रडशील तर तो उंबऱ्यातून हलायचा नाय. आक्का रडली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. सासूनं दिलेलं तेच औषध तिनं मोठ्या मायेनं गोदूला पाजलं होतं. ते विष होतं असं तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आज समोर उभी असलेली ही भरल्या अंगाची, शांत बाई बघून ते सांगायची गरजही उरली नव्हती. तिला एकाएकी फार थकल्यासारखं झालं आणि त्याच वेळी कोणीतरी पाठीवरचं ओझं उतरवल्यासारखंही.

"किर्ते," ती म्हणाली. "सरक."

किर्ती इतक्या चटकन सरकली की पाट उलटला, आणि बायका खळखळून हसल्या. त्या हसण्याची सगळ्यांनाच गरज होती. किर्ती म्हणाली, "आक्का, मी दुसरं मुसळ धरते ना, माझी पैठणी कशाला फुकट घालवता?" सुनंदानं उखळाला हळदकुंकू वाहिलं. गोदू बाजूला उभी राहून ओठ हलवत होती, ती काय म्हणत होती ते तिच्यापुरतं होतं. मग तिनं मुसळ उचललं. पहिला घाव पडला, हळकुंड फुटलं.

घाणा झाल्यावर गोदूनं इकडंतिकडं पाहिलं. "ते कुठं हायत?" तिनं सुनंदाला विचारलं.

"मागं. मघापास्नं मागंच हायत. जा."

रघू धुण्याच्या दगडावर बसला होता, शेवग्याच्या झाडाखाली. गोदू आली तसा तो दगडाच्या कडेला सरकला. ती बसली. तिच्या हातांना हळद लागली होती.

"मी आलो होतो तिकडं," तो म्हणाला.

"ठावं हाय. पायल बोलली, कोण माणूस जिन्यातून परत गेला. मी धावली खाली. तुमी रिक्षात बसून गेला होतात."

"तू हसत होतीस."

"हो."

"मला वाटलं, पोरगा गेला, मी असून नसल्यासारखा, नि हिला हसू येतंय." तो जमिनीकडं बघत होता. "मला राग आला. आपल्याला कवा हसू येईल, येईल का, असं वाटलं नि राग आला."

"हसायला लागली ती रडून झाल्यावर. तुमचं रडायचंच राहिलंय."

रघूनं मान हलवली. "पंपावर लय आवाज असतो. म्हटलं, तिथं कोणाला ऐकू जाणार नाय. पण येतच नाय. छातीत नुसतं दगडावानी बसलंय." मग त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं तोंड वळवलं. "गोदू, कावळा तुझ्यामुळं नाय थांबला."

"म्हणजे?"

"नदीवर सगळे त्याला सांगत होते, जा बाबा, सुखानं जा. मी पण हात जोडले होते. पण मनात मी म्हणत होतो, जाऊ नको. समीर, जाऊ नको. पुन्हापुन्हा तेच म्हणत होतो. म्हणून तो गेला नाय. आक्कानं तुझ्यावर घातलं नि मी गप बसलो. तू त्या खोलीत पडून होतीस नि मला ठावं होतं की हे माझं हाय."

दोन वर्षं हा माणूस असं काही पोटात घेऊन पंपाशेजारी बसत होता, आणि गोदूला वाटत होतं त्याला तिचा वीट आलाय. तिला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्याहून जास्त तिला सुटल्यासारखं वाटलं.

"तुमी त्याचे बाप," ती म्हणाली. "बाप अजून काय म्हणेल? नि तो कावळा होता. घाटावर रोज पिंड खातो, त्याची भूक मेली असंल."

रघूच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज आला.

"समीर अडकला नाय, ऐका माझं," ती म्हणाली. "तुमच्या 'जाऊ नको'नं नाय नि माझ्या रडण्यानं नाय. तो चांगल्या हातात हाय. हे मला कळलंय, म्हणून मी जेवते, झोपते, म्हणून आज इथं आली."

"परत येशील? राहायला?" हे विचारताना रघूचा आवाज फाटला. दीड वर्ष त्याला एवढंच विचारायचं होतं.

"येईन. पण दर रविवारी तिकडं जाईन. ते सोडणार नाय, आधीच सांगते."

"रविवारची इथून सकाळी रिक्षा मिळत नाय," रघू म्हणाला. "मी सोडीन गाडीवर. वर नाय येणार मी."

"नका येऊ. जिन्यात बसा."

"तिथं..." तो अडखळला. "पुरुष पण रडतात?"

"पायलचा नवरा तर सगळ्यांच्या आधी."

यावर रघू काहीतरी बोलायला गेला आणि बोलणं झालंच नाही. त्याच्या छातीतून आधी एक कण्हणं आलं. मग त्यानं दोन्ही हातांनी दगडाची कड धरली आणि तो मोठ्यानं, तोंड उघडून रडायला लागला, "समीर" म्हणून. गोदूनं हळदीचे हात तसेच त्याच्या पाठीवर ठेवले. त्याच्या पांढऱ्या बनियनवर पिवळे पंजे उमटले.

स्वयंपाकघराच्या खिडकीशी आक्का उभी होती. भावाचा रडण्याचा आवाज तिच्यापर्यंत आला तशी तिची जुनी सवय जागी झाली. तिनं खिडकीचे गज धरले, तोंड उघडलं. "रघ्या, रडू" इतकं तिच्या ओठांवर आलंही होतं. मांडवातल्या बायका कुजबुजत माना वळवायला लागल्या होत्या. कैलास काळजीनं उठला होता.

आक्का गर्रकन फिरली आणि मांडवात आली. स्पीकरवाला खुर्चीत बसून चहा पीत होता.

"लाव रं ते गाणं," ती म्हणाली. "मोठ्यानं लाव."

"आक्का, सकाळपास्नं तुमीच तर बंद करा म्हणून..."

"वाढव म्हणते ना! माझा भाऊ मागं रडतोय. कोणी ऐकायला नको, कोणी गप करायला नको. जेवढा मोठा होतो तेवढा कर."

त्यानं आवाज वाढवला. शेजारच्यांच्या खिडक्या हलायला लागल्या. तेजस्वी संध्याकाळची वाट न बघता पाटावर येऊन बसली, बायकांनी टाळ्या धरल्या, पायल तर मध्ये उभी राहून नाचायलाच लागली. आक्का स्पीकरच्या खोक्यांना पाठ टेकून खाली बसली, पदर तोंडावर ओढला, आणि विहिरीवर मेलेल्या त्या माणसाला तिनं इतक्या वर्षांनी नावानं हाक मारली. ती कितीतरी वेळ रडत होती. त्या आवाजात तिचं रडणंही कोणाला ऐकू गेलं नाही.